बाहुल्या पुण्याच्या नव्हत्या

१२ जुलै

संपली. ‘काजंबटणं’चं शेवटचं वाक्य आज टिन फॅक्टरीच्या सिग्नलला अडकलेल्या बसमध्ये लिहिलं. सिग्नल सुटेपर्यंत नुसती बसून राहिले. 

कंडक्टर मंजुळा रोजची. पॅड बंद केलेलं पाहून म्हणाली, “मुगीता, अम्मा?” मुगीतु म्हटलं, संपली. तिनं पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं हॉर्न वाजवला. माझ्यासाठी की पुढच्या रिक्षासाठी, ते विचारलं नाही. माझ्यासाठी, असं धरते.

घरी का लिहीत नाही, असं सगळे विचारतात. सगळं आयुष्य बंगळूरच्या इंग्रजी पेपरच्या सिटी डेस्कवर गेलं. शेजारी कुणी ओरडत नसेल तर मला वाक्य सुचत नाही. निवृत्तीनंतर घरी टेबल मांडलं, दिवा आणला, आणि महिनाभर दिव्याकडे बघत बसले. मग बायकांना बस फुकट झाली. मार्केटला बसायचं, महादेवपुऱ्यापर्यंत जायचं, गुलाबी तिकीट, तीच बस परत. पाचवी कादंबरी (डायरीपुरती ‘का.’) अशी झाली.

घरी आले तर अक्का पोळ्या लाटत होती.

“संपली? सरी, बरं झालं. यंदा कुठली पेठ?”

“चामराजपेट. आपलीच.”

लाटणं थांबलं नाही. पोळी मात्र वाकडी झाली. ती मलाच वाढली.

१३ जुलै

झोप नाही. आनंदानं.

अक्कानं माझी पहिली का. हस्तलिखितात वाचली होती. तेव्हा ती आमच्याच घराची होती. खाली बाबांचं शिलाईचं दुकान, वर आम्ही दोघी बहिणी, अक्का आणि मी, संध्याकाळी शर्टांची काजं करत बसलेल्या. प्रकाशक म्हणाले, बंगळूरच्या मराठी शिंप्याचं घर कोण वाचणार, गाव तेवढं बदला. पुण्यात दोन वर्षं कॉलेज झालेलं, गल्ल्या पाठ होत्या. बदललं. गाजली. छापील प्रत आली तेव्हा अक्कानं चार पानं वाचून मिटली.

“आपल्या घराला दुसऱ्याचा पत्ता दिलास,” म्हणाली.

त्यानंतर माझ्या एकाही पुस्तकाला तिनं हात लावलेला नाही, धूळ पुसण्यापुरता सोडून. चारही कादंबऱ्या पुण्याच्या. तिकडच्या वाचकांना मी पुणेकर वाटते. इथल्या पेपरवाल्यांना मी मराठीत काही लिहिते हे ऐकून माहीत. दोन्हीकडच्यांची आजवर गाठ पडली नाही आणि मीही घालून दिली नाही.

यंदा पत्ता खरा आहे. हे पुस्तक असंच्या असं छापलं जावं आणि अक्कानं ते वाचावं. बाकी मला काही नको.

(नाही, पुरस्कारही चालेल.)

२ ऑगस्ट

पुण्याहून केतकीचा फोन. प्रकाशनातली संपादक, हुशार पोरगी, माझी मागची का. तिनंच केली.

“ताई, भन्नाट झालीय. रडले मी.”

“पण?”

“पण साहेब म्हणतात, बंगळूर म्हटलं की वाचकाला आयटी पार्क आठवतं, शिंपी नाही आठवत. लोक तुमच्याकडे पुण्यासाठी येतात ना. फक्त गाव बदलू या. बाकी एका शब्दाला हात लावणार नाही, प्रॉमिस.”

फक्त गाव. तीस वर्षांत प्रकाशक बदलला, वाक्य तेच.

दिवाळीपर्यंत कळवायचं. नाही तर यंदाच्या यादीत धरता येणार नाही. यंदाच्या म्हणजे कुठल्याच, हे मला न सांगता कळतं. डेस्कवर मीही लोकांना असंच सांगायचे.

अक्काला बोलले नाही. तिनं विचारलंही नाही, पण जेवताना वाटीत तूप जास्त घातलं.

५ ऑगस्ट

बसमध्ये पहिलं प्रकरण पुण्याला हलवून पाहिलं. बघू तर जमतंय का, म्हणून.

जमलं. त्याचीच भीती वाटते. मार्केटच्या जागी मंडई, रिक्षावाल्याच्या “स्वल्प सरीरी”च्या जागी “जरा सरका.” दुकानासमोरच्या पिंपळाला तर काहीच करावं लागलं नाही, तो सगळीकडे चालतो. महादेवपुरा यायच्या आत प्रकरण तयार. वाचलं तर गुळगुळीत, सुंदर, आणि त्यात आमचे बाबा कुठेच नाहीत. कुणी तरी दुसराच शिंपी टेप गळ्यात टाकून उभा.

मंजुळा म्हणाली, “येनम्मा, आज तोंड का असं?” अर्धं कन्नड, अर्धं माझ्यासाठी शिकलेलं मराठी. सांगितलं तिला, गाव बदला म्हणतात. ती म्हणाली, मग ही बसही नाही का पुस्तकात? म्हटलं, बस नव्हतीच, पण आता घालावीशी वाटतेय.

६ ऑगस्ट

पुण्याचं प्रकरण फाडून टाकलं. केतकीला मेसेज: गाव बदलणार नाही. का. परत पाठवायची असेल तर पाठव.

तिचं उत्तर: ताई घाई नको ना. आणि हात जोडल्याचं एक चित्र.

बरं वाटतंय. बेकार झाल्यासारखंही.

१९ ऑगस्ट

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन, दरवर्षीप्रमाणे कथा द्या. म्हटलं कथा नाही, लेख देते. विषय? म्हटलं, मी पुण्याची नाही. ते हसले, त्यांना विनोद वाटला. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, लवकर पाठवा.

एका बैठकीत लिहिला. म्हणजे मार्केट ते महादेवपुरा आणि परत, मध्ये एक कॉफी.

७ सप्टेंबर

आज गणपती. महादेवपुऱ्याच्या एका सोसायटीत मराठी मुलींनी वाचनाला बोलावलं होतं. सगळ्या आयटीतल्या, पुण्याच्या, नागपूरच्या, एक कल्याणची. क्लबहाऊसमध्ये आरती, मग मोदक, मग मी.

बोलावणारी श्रुती, नागपूरची. ओळख करून देताना म्हणाली, “मॅमची पुस्तकं वाचली की वीकेंडला घरी जाऊन आल्यासारखं वाटतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. घराच्या आठवणीनं या पोरी बंगळूरमध्ये बसून पुणं वाचतात, आणि ते पुणं लिहिणारी बंगळूरची. मला हसू आवरेना. पिशवीत जुनं पुस्तक नेलं होतं, ते पिशवीतच ठेवलं आणि ‘काजंबटणं’चं पहिलं प्रकरण वाचलं.

संपल्यावर सगळ्या आपापल्या ताटल्यांकडे बघत बसल्या. मला वाटलं, गेलं. साहेब बरोबर होते.

मग ती कल्याणची मुलगी म्हणाली, “मी इथे चार वर्षं आहे. मला वाटायचं या शहरात आपलं कुणी नव्हतंच, आम्हीच पहिल्या आलो.”

आणि श्रुती: “पुढे काय होतं? मोठी बहीण लग्नाला हो म्हणते का?”

दुसरं प्रकरण वाचावं लागलं. मग तिसरं. प्रसादाची भांडी विसळायला आलेली बाई दारात उभी राहून ऐकत होती, तिला मराठी येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी चक्क गात होते. मंजुळाची ड्यूटी नव्हती, नाही तर तिनं उतरवलं असतं.

३ ऑक्टोबर

घट बसले, माळ्यावरून दसऱ्याच्या बाहुल्या उतरल्या. अक्का स्टुलावर, मी खाली. पेट्यांतून एकेक निघते, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. लाल लाकडाचे राजा-राणी, आईच्या लग्नातले. शेट्टी आणि शेट्टीण, गुबगुबीत, त्यांच्यापुढे डाळ-तांदळाचं दुकान मांडायचं. राणीच्या साडीचा काठ बाबांनी शिवलेला. यंदा मंडपाच्या मागे अक्कानं नवा निळा कपडा लावला. मी म्हटलं जांभळा बरा. ऐकते कुठे.

केतकीचा मेसेज. भाऊ महादेवपुऱ्यात असतो, त्याच्याकडे येतेय, तुमच्याकडे येऊ का? ये म्हटलं. अक्काला सांगितलं, गाव बदलायला सांगणारी येतेय. (आता सांगावंच लागलं.) अक्का म्हणाली, “येऊ दे. चकल्या जास्त तळते.” धमकी दिल्यासारखं म्हणाली.

८ ऑक्टोबर

आजचं नीट लिहून ठेवते.

केतकी संध्याकाळी आली. दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थांबली. समोर बाहुल्यांच्या पायऱ्या, समया लावलेल्या. शेजारची पोरंही आलेली, आमच्याकडे बाहुल्यांपुढे गाणं म्हटल्याशिवाय खाऊ मिळत नाही. केतकी एकटक शेट्टी-शेट्टिणीकडे बघतेय.

“ताई, या तुमच्या दुसऱ्या कादंबरीतल्या बाहुल्या.”

“हो. का गं?”

“ती कादंबरी पुण्यात घडते ना. पुण्यात कुणी अशा मांडत नाही.”

मी म्हटलं, काही तरीच. नवरात्रात मांडतात की. ती म्हणाली, घट बसवतात, भोंडला करतात, बाहुल्या नाहीत. पायऱ्या तर नाहीतच. मी अक्काकडे पाहिलं. अक्का माझ्याकडे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कॉलेजच्या दोन्ही वर्षी मी दसऱ्याला घरी आले होते. पुण्याचं नवरात्र मी पाहिलेलंच नाही. सगळ्यांच्या घरी बाहुल्या असणार असं धरून चालले, आणि त्या पानावर आमचंच घर जसंच्या तसं मांडून ठेवलं, आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही.

“मग तुला काय वाटलं होतं?” विचारलं.

केतकी लाजली. “प्रतीक वाटलं. मी एमएला त्यावर पेपर लिहिला होता. स्त्रीच्या आयुष्याचं गोठलेपण. शेट्टी-शेट्टीण म्हणजे बाजारव्यवस्था.”

अक्का म्हणाली, “बाजारव्यवस्था? दसरा झाला की त्या डाळ-तांदळाची आम्ही खिचडी करतो.”

मी इतकी हसले की पोरं घाबरली. मग केतकीही. डोळे पुसता पुसता म्हणाली, “ताई, तुमच्या सगळ्या लिखाणातलं वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं आलेलं पान हेच आहे. अजून मेल येतात. म्हणजे तुमचं सगळ्यात चांगलं पान बंगळूरचं होतं, आणि मी तुम्हाला सांगतेय गाव बदला.”

 बोलायला अक्का होती. “गाणं म्हणा. सुम्मने, फुकटात, चकली मिळत नाही इथे.”

केतकीनं भोंडल्याचं गाणं म्हटलं. बेसूर, पण शेवटपर्यंत. अक्कानं तिची ताटली भरली.

१२ ऑक्टोबर

दसरा. केतकीचा फोन, साहेबांशी भांडली. साहेब अजून तयार नाहीत. म्हणतात, एका पानाचं ठीक आहे, तीनशे पानांचं काय. ती म्हणाली, “मी सोडत नाही ताई.” आवाज बसलेला होता.

अक्कानं आपट्याचं पान हातात दिलं आणि कधी नाही ते डोक्यावर हात ठेवला.

४ नोव्हेंबर

दि. अंक आला आणि फोन बंद होईना. केतकी येऊन गेल्यावर लेखात बाहुल्यांचा किस्सा घातला होता आणि नाव बदलून ठेवलं होतं ‘आमच्याकडे बाहुल्या मांडतात’.

पुण्याचे एक गृहस्थ रागावले. एवढी वर्षं तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत, म्हणाले, आणि मग तासभर स्वतःच्या आजोळाबद्दल बोलत होते, जे बेळगावला निघालं. इंदूरहून एक बाई. बडोद्याहून दोघी बहिणी, फोन एकमेकींकडून ओढून घेत होत्या. हैदराबाद. तंजावर. एकच बोलणं: आमच्याही घराबद्दल कुणी लिहीत नाही. ती शिंप्याच्या घराची का. कधी येतेय? (लेखात मी उल्लेख करून ठेवला होता. इतकी वर्षं पेपरात उगीच नाही काढली.)

प्रत्येकाला तेच सांगितलं, प्रकाशकांना विचारा.

६ नोव्हेंबर

विचारलं वाटतं.

स्वतः साहेबांचा फोन. “अहो, लोक ऑफिसात फोन करकरून पुस्तक मागतायत, आणि आमच्याकडे पुस्तकच नाही.”

म्हटलं, “गाव?”

“राहू द्या गाव.”

“रिक्षावाला?”

“तोही राहू द्या. सगळंच राहू द्या.”

जिंकले. लिहूनच ठेवते. जिंकले. अक्काला सांगायला स्वयंपाकघरात गेले, ती म्हणाली ऐकलं, तू ओरडतेस की फोनवर. मग तिनं डबा उघडून बेसनाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. मला बोलता येऊ नये म्हणून असेल.

२७ फेब्रुवारी

मुद्रितं तपासून पाठवली. मुखपृष्ठावर काज करणारे दोन हात, मागे खिडकी. चित्रकारानं चुकून अंगठ्यात शिंप्याचा अंगुस्ताना दाखवला होता. बाबा असते तर हसले असते. बोटात घालायला लावला.

२० एप्रिल

प्रकाशन. पुण्यात नको म्हटलं. चामराजपेटातल्याच कार्यालयात, जिथे आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची लग्नं झाली.

खुर्च्या कमी पडल्या. एका बाजूला आमच्या पेठेतली जुनी मंडळी, जरीच्या साड्या, मोगरा. दुसऱ्या बाजूला महादेवपुऱ्याच्या पोरी, श्रुतीनं बस ठरवून आणलेल्या. सुरुवातीला मधली वाट मोकळी होती. कॉफीनंतर पाहिलं तर कल्याणची मुलगी आमच्या शेजारच्या मामींकडून मूगडाळ-तांदळाच्या हुग्गीची कृती उतरून घेत होती.

माझ्या पेपरातली पोरंही आली होती. एक म्हणाला, मॅम, तुम्ही फेमस आहात हे सांगितलं का नाही? म्हटलं, तुम्ही कॉपी वेळेवर दिली असतीत तर वेळ मिळाला असता सांगायला.

मंजुळा ड्यूटीवरून थेट, खाकी युनिफॉर्ममध्ये. पहिल्या रांगेत बसवली. पुस्तक हातात घेऊन म्हणाली, टिन फॅक्टरीला लिहिलेलं कुठलं ते दाखवा. शेवटचं पान काढून दिलं. देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत तिला, पण त्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतला.

अक्का समोर बसली नाही. कॉफी नीट होतेय का बघायला आत. माझं भाषण मात्र दाराच्या फटीतून ऐकत होती, पदर दिसत होता.

रात्री तिच्या हातात प्रत दिली. तिनं कव्हर पाहिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी देवघराच्या फळीवर.

“वाचणार नाहीस?”

“दसऱ्याला.”

“इतके महिने?”

“इतकी वर्षं थांबले की.”

१४ ऑगस्ट

पुरस्कार. मुंबईहून फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, ऐकू येत नव्हतं, तीनदा विचारलं कुणाला, कुणाला. मला. मंजुळानं सगळ्या बसला कन्नडमध्ये सांगितलं. एका आजीबाईंनी पिशवीतून मूठभर शेंगा दिल्या. आजवरच्या कुठल्याच सत्कारात इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसरी आवृत्तीही निघाली. साहेब खुशीत. म्हणतात, आता त्या जुन्या चारही कादंबऱ्या बंगळूरला हलवू या का? फक्त गाव बदलायचं.

फोन ठेवून दिला. हसून हसून पोट दुखलं.

पुढची का. हवी आहे त्यांना. काय लिहायचं ते मला अजून माहीत नाही. बघू म्हटलं.

२२ सप्टेंबर

बाहुल्या मांडल्या. अक्कानं देवघरातून पिशवी आणली, पुस्तक काढलं, सगळ्यात खालच्या पायरीवर शेट्टिणीच्या शेजारी ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन तिथंच पाटावर वाचायला बसली.

मी बाहेर जाऊन उगाच भाजी घेऊन आले. घरात भाजी होती.

२६ सप्टेंबर

अक्का झोपल्यावर पुस्तक चाळलं. गणिताची बाई ती. समासात बरोबरच्या खुणा केल्यात, शाळेत वह्यांवर करायची तशा. दुकानाच्या वर्णनाला खूण. बाबांच्या खोकल्याला खूण. आई टाके मोजता मोजता झोपायची, त्याला दोन.

दाराच्या पायरीवर बसून रडले थोडी. पुरस्कार घेताना नव्हते रडले.

३० सप्टेंबर

मोठी बहीण स्थळ नाकारते, ते प्रकरण. बाबांचे डोळे गेले, दुकान सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती नाही म्हणते. का.चा सगळा भार त्या प्रकरणावर आहे. सगळ्या परीक्षणांत त्याचंच कौतुक.

अक्कानं ते वाचलं. समास कोरा.

“काय झालं?” विचारलं.

“चांगलं लिहिलंयस.”

“मग?”

“हे तसं नव्हतं, सुमी.”

“मग कसं होतं?”

“कॉफी थंड होतेय तुझी.”

अक्कानं दसऱ्याला आलेलं स्थळ नाकारलं तेव्हा घरात सगळ्यांनी हेच सांगितलेलं. मी तेव्हा नववीत. मला कधी दुसरं काही सुचलंच नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. राजा-राणीला आडवं करून झोपवलं, रीत असते. अक्का उद्या बाहुल्या बांधून ठेवणार. दिवसभर काही बोलली नाही. मी विचारलं नाही. मुलाखती घेण्यात आयुष्य गेलं, कुठे गप्प बसायचं एवढं कळतं. कठीण गेलं.

पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं तिचं. शेवटच्या पानावर खूण आहे.

३ ऑक्टोबर

सकाळी पॅड घेऊन निघाले तर अक्का दारात. इस्त्रीची साडी, हातात आधार कार्ड.

“कुठे?”

“तुझ्या त्या बसमध्ये. बघू तर काय असतं.”

बाहुल्या? म्हटलं. म्हणाली, झोपू देत आणखी एक दिवस.

मार्केटला मंजुळानं दोघींना गुलाबी तिकिटं फाडून दिली. “निम्म अक्काना?” म्हणाली, तुमची अक्का का? हो म्हटलं. तिनं एका मुलाला उठवून आम्हाला जागा करून दिली.

“खिडकीशी तू बस,” अक्का म्हणाली. “लिहायचं तुला आहे.”

बस सुटली. पुलापर्यंत ती बाहेर बघत होती. मागे कुणी फोनवर भांडत होतं, दोघी बायका टोमॅटोवरून बोलत होत्या, मला हवा तसा गोंगाट. मग अक्का समोरच्या सीटच्या दांडीला धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबांचे डोळे त्या दसऱ्याला चांगले होते.”

मी पॅड उघडलं.